चादरीवरचा हिरवा डाग

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

बोर्डिंगच्या न्हाणीघरामागची ती पांढऱ्या फरशांची भिंत आठवते का गं? शनिवारी दुपारी आपण ओले रुमाल तिच्यावर चिकटवायचो. चारी कोपरे ओढून, तळहाताने सुरकुत्या काढून. वाळले की ते आपोआप सुटून खाली पडायचे, इस्त्री केल्यासारखे ताठ. एका शनिवारी तू त्या भिंतीखाली मांडी घालून बसली होतीस, रुमाल डोक्यावर कधी पडतो याची वाट बघत. मी शेजारी पुस्तक वाचत होते. बाकी काही घडलं नाही. तू एवढंच म्हणालीस, "अक्का, मोठी झाले की मी खरी इस्त्री घेणार." पुढे तू इस्त्री घेतली नाहीस, लाँड्रीवाल्याशीच लग्न केलंस.

काल बेकरीच्या गाडीवाल्याने पाव देता देता तुमच्या दुकानातल्या अपघाताचं, तुझा नवरा भाजल्याचं सांगितलं. तुला फोन लावला, पण मला तुझं रडणं तेवढं कळलं. शब्द कळेनात. माझ्या कानातलं यंत्र फोन जवळ आला की शिट्टी मारतं. म्हणून हे पत्र. गाडीवाला रोज पहाटे तुमच्या गावाला माल घेऊन येतो. हॉस्पिटलच्या कँटीनलाही त्याचाच पाव जातो. तो तुझ्या हातात पत्र देईल आणि उत्तर घेऊन येईल. मी स्वतःच आले असते, पण कमरेच्या ऑपरेशननंतर अजून वॉकर सुटलेला नाही.

आमचे कडकराव कसे आहेत? त्यांच्या कॉलरला अजून घडी पडली नसेल अशी आशा करते. हसू आलं तर त्यांना हे वाचून दाखव.

आणि ऐक. सगळी नोकरी मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये केली. माणसं जवळून बघितली नाहीत, पण त्यांचं रक्त मला ओळखता येतं. कडकरावांचे रिपोर्ट आले की आकडे उतरवून पाठव. तेवढंच माझ्या हातून होण्यासारखं आहे.

सोबत कोलनची, त्या सुवासिक पाण्याची, बाटली पाठवते. तापलेल्या मुलीच्या रुमालावर बोर्डिंगच्या मदर दोन थेंब टाकायच्या, तसलंच. तुझी अर्धशिशी अशा वेळी गप्प बसायची नाही.

तुझी,
अक्का


बुधवार, ५ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

बाटली मिळाली. झाकण उघडलं आणि मदरच्या खोलीच्या दारात उभी राहिले.

वाफेच्या इस्त्रीचा पाइप सुटला. उकळतं पाणी आणि वाफ, दोन्ही अंगावर. पोट, दोन्ही मांड्या, डावा हात. डॉक्टर म्हणतात, पाव अंग भाजलंय. मी गार पाणी ओतत होते तेव्हा हे ओरडून काय म्हणाले असतील? "आधी तो बँडमास्तरचा कोट बाजूला घे, भिजेल!" कोट वाचला, अक्का. त्याला शिंतोडासुद्धा लागला नाही.

हा वॉर्ड सगळा काचेचा आहे. चपला बाहेर, अंगावर हिरवा झगा, तोंडाला कापड, आणि आत एकच माणूस. भेटायला येणारे काचेपलीकडून हात हलवतात. यांच्या जखमांवर चंदेरी औषधाच्या पट्ट्या बांधल्यात. त्या रोज सोडत नाहीत, आज सोडून बांधल्या, आता एकदम मंगळवारी सोडतील. हे बरंच झालं, कारण सोडताना यांचा आवाज मला ऐकवत नाही.

पण दुखण्यापेक्षा यांना लाजेने जास्त भाजलंय. परक्या बायका अंग पुसतात म्हणून डोळे मिटून पडतात. कालपासून सारखं विचारतात, "माझ्यामुळे वास येतोय का गं?" तुला यांची दोन तत्त्वं ठाऊकच आहेत. माणसाला वास येता कामा नये, आणि गिऱ्हाइकाचा डाग दुकानाबाहेर कळता कामा नये. कुणाच्या चादरीवर, कुणाच्या कोटावर काय काय निघायचं! यांनी ते मलासुद्धा कधी सांगितलं नाही. गुपचूप धुवायचं, घडी घालायची, कागदात बांधून हसत द्यायचं.

आता आकडे. सीआरपी १९०. खाली छापलंय की पाचाच्या आत हवा! दुसरं ते लांबलचक नावाचं, प्रोकॅल्सिटोनिन, ०.९. तेही हवं त्यापेक्षा जास्तच आहे. ताप आहे. खरं काय ते सांग. मी घट्ट आहे.

तुझी,
चिमी


गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

तू घट्ट आहेस हे अक्षरावरून दिसलंच. प्रत्येक ओळ उतरणीला लागली होती.

घाबरू नकोस. सीआरपी म्हणजे शरीराने केलेली आरडाओरड. अंग भाजलं तरी शरीर ओरडतं, जंतू शिरले तरी तसंच ओरडतं. आवाजावरून कारण कळत नाही. पांढऱ्या पेशी आणि ताप यांचंही तेच. पाव अंग भाजलेल्या माणसाचा आकडा शंभराच्या वर गेला नसता तरच मला आश्चर्य वाटलं असतं. दुसरा आकडा, तो लांबलचक नावाचा, जरा विचारी आहे. तो उगाच ओरडत नाही, जंतूंचा जोर झाला की चढतो. पण एवढं भाजल्यावर पहिले काही दिवस तोही थोडा वर असायचाच.

तेव्हा आकडे बघून डॉक्टरांच्या मागे धावू नकोस. नातेवाइकांनी रिपोर्टचा कागद नाचवत यावं, हे मी लॅबच्या खिडकीतून जन्मभर बघितलं. त्याने कुणी लवकर बरं होत नाही. पोटभर जेव. त्यांना हसवत ठेव. कडकरावांना सांग की त्यांच्या मेव्हणीच्या मते त्यांचं रक्तसुद्धा स्टार्च घातल्यासारखं दणकट आहे.

वासाचं म्हणशील तर हॉस्पिटलला हॉस्पिटलचा वास येणारच. त्यांना म्हणावं, दोन दिवस तत्त्वं खुंटीला टांगा.

तुझी,
अक्का


रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

तुझं पत्र उशीखाली ठेवून झोपले. पहिल्यांदाच झोप लागली.

कालचे आकडे: सीआरपी २४०, आणि तो विचारी म्हणतेस तो २.६. पण तू सांगितलंस म्हणून मी घाबरले नाही. डॉक्टर मात्र काहीतरी शोधतायत. छातीचा फोटो काढला, लघवी तपासायला दिली, सलाइनची नळी बदलली. मी कुणाला काही विचारलं नाही. कागद नाचवणाऱ्यांतली नाही मी.

हे जरा चिडचिडे झालेत. झोपेत बडबडतात. काल मला बँडमास्तर समजून म्हणाले, "कोट तयार आहे, पण खिशावरचा डाग गेला नाही हो, कुणाला सांगू नका." मी म्हटलं, "नाही सांगत, शेठ." नंतर बाहेर जाऊन हसले आणि तिथेच थोडी रडले. औषधाची गुंगी असेल ना?

खरा बँडमास्तर संध्याकाळी काचेपाशी आला होता. शाळेच्या हेडबाईही आल्या. कुणी आलं की यांची धांदल उडते. चादर सरळ कर, पडदा ओढ, हे कर, ते कर. इथल्या चादरी खरखरीत आहेत म्हणून सिस्टरना विचारून मी आपल्या दुकानातल्या मऊ चादरी आणते. आणि आता धंद्यातला एक प्रश्न, लॅबवाल्या बाईंना. पट्टीच्या कडेला चादरीवर रोज एक हिरवट डाग पडतो. धुतला की जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! एवढ्या वर्षांत असला डाग मी बघितला नाही. त्या चंदेरी औषधाचा असावा. राउंडच्या आधी मी चादर बदलून टाकते आणि घरी नेऊन धुते. दुसऱ्यांच्या डोळ्यांना कशाला?

अजून एक कोलनची बाटली पाठवशील का? पहिली संपली. डोकं फार दुखतं.

तुझी,
चिमी


सोमवार, १० फेब्रुवारी

चिमे,

शेजारच्या मुलीकडून तुला पुन्हा पुन्हा फोन लावला. तुझा बंद आहे. वॉर्डचा उचलला आणि "थांबा" म्हणून बाजूला ठेवला तो ठेवलाच. म्हणून गाडीवाल्याला पाव उतरवायच्या आधी वॉर्डात जायला सांगितलंय. त्याच्याकडे दोन कागद आहेत. हा तुझा. दुसरा तुझ्या इन्चार्ज सिस्टरचा आहे. तो उघडायला तिला वेळ नसेल तर तिच्यासमोर उभी राहून तू वाचून दाखव.

तुझं पाकीट फोडलं तेव्हा कोलनचा एवढा वास आला की मी डोळे मिटून बसले. बोर्डिंग आठवलं. बरं वाटलं. मग डागाची ओळ वाचली.

चिमे, एवढी बाटली अर्धशिशीवर इतक्या लवकर संपत नाही.

तो हिरवा रंग मी काचेच्या प्लेटांवर इतक्यांदा बघितलाय की अंधारातही ओळखेन. तो औषधाचा नाही. तो जंतूंचा आहे, आणि भाजलेल्या कातडीवर ते फार माजतात. त्याला गोडसर वास येतो, अती पिकलेल्या द्राक्षांसारखा. येतो ना? तोच तू झाकतेस ना?

उत्तर मला देऊ नकोस. सिस्टरला दे. पट्टी सोडायचा वार उद्याचा असला तरी आज सोडायला लाव. एखादी न धुतलेली चादर असेल तर तीही दाखव. त्यांचं बरळणं, ते २.६, सगळं तिच्या कानावर घाल. कडकराव रागावले तर रागावू देत.

अक्का


बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

मी कसं लिहू? हात धुऊन बसले तरी हाताला कोलनचा वास येतोय.

गाडीवाला आला तेव्हा सिस्टर पलीकडच्या खाटेपाशी होती. तिने तुझा कागद वाचला, आमच्या पडद्याआड आली आणि नाकासमोरचं कापड खाली केलं. "इथे बाग कुणी लावली?" म्हणाली. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. तिने वाकून पट्टीचा वास घेतला, मग चादरीचा, मग माझ्याकडे बघितलं. दुसरं कुणी काही बोललं असतं तर मी भांडले असते. तिच्या त्या बघण्यापुढे मात्र मान वर करायची सोय नव्हती.

पट्टी सोडली. डाव्या मांडीवर सगळं हिरवं होतं, अक्का. वरून माझा कोलन आणि खालून तो गोड वास. त्या दिवसापासून मला अन्न जात नाही.

"चादरी कुठे आहेत?" तिने विचारलं. मी म्हटलं, "धुतल्या." माझी एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. सगळ्या जगाची धुणी काढणारी बाई, आणि "धुतल्या" म्हणताना माझी जीभ अडखळली. मग आठवलं, सकाळची एक पिशवीत होती. ती काढून दिली. तिने ती खिडकीपाशी उजेडात धरली आणि डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "आम्ही छाती शोधतोय, नळी शोधतोय, आणि हे इथे!" ते मला बोलले नाहीत, पण मी तिथेच उभी होते.

रागावली नाही गं ती. तेच जड जातंय. यांना ऑपरेशनला नेल्यावर मला बाकावर बसवलं आणि म्हणाली, "ताई, तुमच्या नवऱ्याची लाज मी रोज पुसते. ती माझी नोकरीच आहे. तिच्यावर तुम्ही अत्तर ओतलंत तर मी पुसू काय?"

तुझ्यापासून लपवलं ते आता सांगते. पट्टी पहिल्यांदा सोडून बांधल्यावर दोन दिवसांनी वास सुरू झाला. हेडबाई काचेपाशी यायच्या होत्या. काचेतून वास कसा जाईल, पण यांना कोण समजावणार? माझा हात धरून म्हणाले, "चिमे, तेवढं काहीतरी शिंपड. आणि कुणाला सांगायचं नाही, माझी शपथ." मी शपथ पाळली. कधी नव्हे ती पाळली! मला वाटलं, हा यांचा डाग आहे, दुकानाबाहेर जाता कामा नये.

ऑपरेशनमध्ये मांडी खरवडून साफ केली. औषधं बदलली. आता हे आयसीयूत आहेत. सोमवारी तो विचारी आकडा ११ झाला होता. आज ९ आहे. उतरला ना, अक्का? उतरला म्हणजे चांगलं ना? डॉक्टर नीट सांगत नाहीत, आणि विचारायला मला तोंड नाही.

तुझी,
चिमी


गुरुवार, १३ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

उतरला ते चांगलंच. उद्या आणखी उतरला तर आणखी चांगलं. याहून जास्त मी या वेळी काही म्हणणार नाही. आकड्यांबद्दल मी पुष्कळ बोलून बसले आहे.

तुला तोंड नाही म्हणतेस. मग मी कुठे तोंड लपवू? सहा तारखेच्या पत्रात मी एक शब्द मुद्दाम गाळला. सेप्सिस. जंतू रक्तात शिरतात आणि सगळं शरीर बिथरतं, ते. भाजलेली माणसं आगीतून वाचतात आणि त्याने जातात, हे मला पक्कं ठाऊक होतं. वाटलं, चिमी घाबरेल. म्हणून तुला गोड गोड लिहिलं, स्टार्चचा विनोद केला. वासाकडे लक्ष दे, बरळले तर लगेच सांग, डाग दिसला तर ओरड, या ओळी लिहायला किती शाई लागली असती? उलट डॉक्टरांच्या मागे धावू नकोस म्हणून बजावलं. एकट्या आकड्यावर बोलायचं नाही, पेशंटचं बाकी काय ते आधी विचारायचं, हे मी लॅबमधल्या पोरींच्या डोक्यात ठोकून बसवायचे. आणि तुला काहीच विचारलं नाही.

तू बाटली शिंपडलीस. मी पत्र शिंपडलं. बाटलीही माझीच.

आता रडत बसू नकोस, डॉक्टरांना जाऊन विचार. कागद नाचव. मी परवा येते. गाडीवाला पुढच्या सीटवर बसवायला तयार आहे. वॉकर मागे पावांच्या ट्रेमध्ये जाईल. तू हॉस्पिटल सांभाळ, मी दुकान उघडून बसते. अडलेले कपडे तरी लोकांना देता येतील.

अक्का


सोमवार, १७ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

तू दुकानात आहेस आणि मी तीन गल्ल्या पलीकडे, तरी लिहावंच लागतंय. कागदपत्रं झाल्याशिवाय इथून हलता येत नाही, आणि तुला फोनवर काय सांगू?

हे पहाटे गेले. आकडा दोन दिवस उतरला, मग मूत्रपिंडांनी हात टेकले, आणि मग एकेक करून सगळ्यांनीच. शनिवारी थोडे शुद्धीवर होते. मी म्हटलं, "तुमची शपथ मोडली मी." नळीमुळे बोलता येत नव्हतं. माझं बोट धरलं आणि बाह्या नीट करतात तशी माझ्या झग्याची बाही खाली ओढली. रागावले होते की नव्हते, मला कळलं नाही. आता कळणारही नाही.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं, ते दोन-तीन दिवस मी झाकले नसते तर? ते म्हणाले, "फरक पडला असता का, ते सांगता येणार नाही. पडला नसता असंही मी म्हणणार नाही." खरं बोलले. मी त्यांचे आभार मानले.

आता लिहिते तसं कर. आज दुकान बंद ठेवू नकोस, यांना ते आवडायचं नाही.

डाव्या फळीवर निळ्या कागदातलं हेडबाईंचं आहे, दोन कोट आणि एक शाल. शालीची किनार उसवलीय, ती आपण उसवली नाही, पण दाखवून दे.

पडदे कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचे. त्यांचा माणूस येईल. तो घाई करतो, घड्या मोडू देऊ नकोस.

बँडमास्तरचा कोट आतल्या खुंटीवर आहे. खिशावरचा डाग गेलेला नाही. हे असते तर त्यावर कौशल्याने घडी घातली असती. तू घालू नकोस. कोट उघडून, डाग दाखवून, गेला नाही असं तोंडावर सांग. ते काही बोलणार नाहीत, तेही कालपासून बाहेर बाकावर बसून होते.

मोरीजवळच्या बादलीत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चादर आहे, तोंड घट्ट बांधलेली. सोमवारी जी दाखवली आणि नंतर घरी आणून ठेवली ती. तिला हात लावू नकोस, धुऊही नकोस. ती इन्चार्ज सिस्टरला पोचती कर. तिने मागितलीय, म्हणजे मीच विचारलं आणि ती हो म्हणाली. डागाचा फोटो काढून ती तो वॉर्डाच्या दारात लावणार आहे. नवीन पेशंटचं माणूस झगा घालायला थांबतं ना, तिथे. खाली लिहिणार आहे की असा डाग दिसला, गोड वास आला, माणूस बरळलं, तर तिथल्या तिथे हाक मारा. पुढे म्हणाली, "कुणाच्या चादरीवरचा, ते लिहिणार नाही." मी म्हटलं, विचारलं तर सांगा. माझ्या हातात आली तर मी ती धुवायला काढीन, म्हणून तू दे.

मी मागितलेली दुसरी बाटली परवा तुझ्या सामानातून आली, ती गल्ल्याशेजारी आहे, सील न फोडलेली. ती तुझी तू ने. मदरची आठवण म्हणून ठेव. मला घरात नको.

आणि शेवटचं. आतल्या कपाटात, सगळ्यांत मागे, यांचा पांढरा शर्ट आहे. कागदात बांधून गाडीवाल्याजवळ दुपारपर्यंत इथे पाठव. मी स्वतः यांना घालणार आहे. कॉलर पुन्हा एकदा दाबून घे, साधी इस्त्री माळ्याखाली आहे. तुला जमेल तेवढी कडक कर. वर काहीही शिंपडू नकोस.

चिमी